बघायला आलात तर विझेन

मी बत्ती बोलतेय, जंतू मारणारी. कान द्या, पण डोकावू नका. का ते कळेल.

कारखान्यातच माझ्या कपाळावर एक डोळा बसवला. माझ्या उजेडानं जंतू मरतात, पण माणसाच्या डोळ्यांना नि कातडीलाही तो बरा नाही. म्हणून खोलीत माणूस हललं, की मी गपकन विझायचं.

बिलं भरायच्या कचेरीत मला टांगली. खाली बाकडी, काउंटर आणि दोरीला बांधलेलं एक पेन. त्या बापड्याचे हाल काय सांगू. एकानं चावायचं, दुसऱ्यानं त्यानंच कान कोरायचा, नि तेच तिसऱ्याच्या हातात. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला, की मी त्याला उजेडानं न्हाऊ घालायचे. पोटच्या पोरासारखा जीव जडला होता.

साहेबांना मात्र शंका. "मावशी, ही पेटलेली कोणी बघितलीय का?"

"नाही बा," झाडू मारणारी मावशी म्हणाली. "तुम्हाला तरी काम करताना कोणी बघितलंय? चालतेच की कचेरी."

झालं, साहेब इरेला पेटले. दार हळूच ढकललं, मी विझले. साहेब बाकड्याखाली चादर ओढून पडले, पण वरखाली होणारं पोट कुठं लपवणार? मोबाईलवर चित्रण लावून गेले, तर बायकोचा फोन येईल म्हणून तोच घ्यायला परत आले. मी मनात खुदुखुदु हसले. तेच अंगाशी आलं.

चिडलेल्या साहेबांनी वर कळवलं नि मोठे साहेब लवाजम्यासकट मला पेटलेली बघायला आले. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. सगळे माझ्याकडे टक लावून, नि मी ठार काळी.

"बंद पडलीय," मोठे साहेब म्हणाले.

"अहो, सगळे बाहेर चला, लगेच पेटेल," मावशी म्हणाली.

"मग दिसणार कशी?"

मावशी झाडू घेऊन एकटीच बाहेर गेली.

आता माझ्या जागी साधा निळा बल्ब आहे. दिवसभर झगमगतो, एक जंतू मारत नाही. लोक त्याच्याकडे बघून निर्धास्त पेन चावतात.

मला फेकताही येईना. कचेरीची वस्तू, भिंतीवर लागलेली दिसली पाहिजे. म्हणून मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत लावलीय. इथं चिटपाखरू फिरकत नाही, त्यामुळं मी दिवसरात्र पेटलेली. अख्ख्या कचेरीत स्वच्छ काय असेल, तर या तीन पायांच्या खुर्च्या.

एकच मागणं आहे. माझं पेन सोडवा, घटकाभर आत टाका नि दार ओढून घ्या. ते बरं झालं का, म्हणून बघत थांबलात, तर मुसळ केरात.