दोन घाव आणि एक नख

मी कोयता. वनखात्याच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटातून बोलतोय. मला सुती कापडात गुंडाळून वर लाखेचं सील ठोकलंय, मुठीला चिठ्ठी बांधलीय. चिठ्ठीवर माझी लांबी-रुंदी आहे, कामाचं काही नाही.

माझा जन्म उंब्रजचा. ट्रकचा मोडका पाटा लोहाराने भट्टीत घालून बडवला, तेव्हा मी झालो. नानासो नावाच्या शेतकऱ्याच्या घरी सात वर्षं ऊस तोडला, नारळ फोडले, रुसून बसलेल्या जावयासाठी एकदा कलिंगडही कापलं. माणसांना धार आवडते. ती आपल्या बाजूने असते तोवर.

चार महिन्यांपूर्वी घरात सून आली, वडूजची रेश्मा. तिच्या माहेरी ऊस नाही, त्यामुळे उसातला बिबट्याही नाही. नवरा शंभूराज पलटणीत, सीमेवर. तो फोनवर विचारायचा, "रानात भ्या वाटतंय का?" ती म्हणायची, "न्हाई." पण उसाकडे निघाली की माझी मूठ तिच्या घामाने ओली व्हायची.

त्या दिवशी सकाळी अकराला ती म्हशीसाठी उसाचं वाडं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, कापत होती. सासू बनुबाई पलीकडे बांधावर भारा बांधत होत्या. सरीतून एकदम पिवळं काहीतरी उसळलं. दंडावर पंजा, दातांत पदर. रेश्माने मला फिरवलं, मी बिबट्याच्या मानेवर बसलो. पुन्हा फिरवलं. मग पाचट हलायचं थांबलं.

बनुबाई धावत आल्या. आधी स्वतःचा पदर फाडून त्यांनी सुनेचा दंड आवळून बांधला. मग मेलेल्या बिबट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सुनेच्या आखडलेल्या बोटांतून मला सोडवलं आणि त्याच्या पुढच्या पायाचं एक नख कापून घेतलं.

"आत्याबाई, नगा."

"गप बस. उद्या लेकरू झालं तर गळ्यात घालाय नको व्हय? वाघनख काय बाजारात मिळतंय? कुणी इचारलं तर ठावं न्हाई म्हण."

लेकराचा पत्ता नव्हता, बाप सीमेवर होता. आजीची मात्र तयारी झाली होती.

दुपारी वनखात्याचे साहेब आले. त्यांनी एकेक नख मोजलं. एक कमी भरलं. संध्याकाळपर्यंत मी या कपाटात होतो. पुढचे पंधरा दिवस मला एकच घोर होता: चार महिन्यांच्या सुनेला सासूचं नाव घेता येतं का?

मग दोघींना बोलावणं आलं. मला टेबलावर ठेवलं.

"पळता आलं नसतं?" साहेबांनी रेश्माला विचारलं.

"पदर त्याच्या तोंडात हुता."

"मग दुसरा घाव कशाला?"

"त्यानं पदर सोडला न्हवता. सोडला असता तर मीबी थांबली असती."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "बरोबर. जीव वाचवायला मारलं तर कायदा गुन्हा मानत नाही. पण मेलेला बिबट्या कुणाच्या अंगावर येत नाही. नख गेलं की शिकारीचा संशय येतो. तीन ते सात वर्षं तुरुंग, बाई. आणि कोयता तुमच्या हातात होता."

रेश्माने बांधलेला हात टेबलाच्या कडेवर टेकवला. तिची बोटं मला लागत होती.

"दोन्ही घाव माझं हायत," ती म्हणाली. "नख माझं न्हाई."

"मग कुणाचं?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं. बाकावरच्या बनुबाईंनी कनवटीची गाठ सोडली.

"आवं सायेब, तिला काय पिडताय? नवी हाय, नाव घ्यायची न्हाई ती. मी कापलं." त्यांनी नख माझ्याशेजारी ठेवलं. "देवाम्होरं ठेवलं हुतं. हितं येताना म्हनलं, घरी नको."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. "पूर्ण नाव सांगा."

रेश्मा उठली आणि बाकावर सासूला चिकटून बसली. एकमेकींकडे मात्र दोघींनी बघितलं नाही.

आता मी कपाटात आहे आणि वरच्या खणात ते नख. कोर्टात काय होईल, मला माहीत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो: जिवावर बेतलं तर मला खुशाल उचला, कायदा आडवा येणार नाही. पण जीव वाचला की लगेच मला जमिनीवर टाका, चार पावलं मागे सरा आणि वनखात्याला फोन करा. त्यानंतरचं पातं कुणाच्याच बाजूने नसतं.

बनुबाईंची तारीख अजून लागलेली नाही. कपाटाला किल्ली लागल्याचा आवाज आला, की मला वाटतं, आज बोलावलं त्यांना.