फुग्याची शेपटी

प्रकाशनाकडून संपादक मुलगी आली त्या दिवशी बाबांची दाढी तरी केलेली होती, तेवढंच नशीब. बाकी सगळा आनंदीआनंद होता. खुर्चीवर ओली चादर, पलंगाखाली भांडं, आणि मी औषधाच्या दुकानातून आले ती तशीच, पोटात कावळे ओरडत होते. ती दारातच म्हणाली, "फुगेवाले आजोबा इथेच राहतात ना?"

फुगेवाले. किती वर्षांनी कानावर पडला तो शब्द. पोरांना विकायचे फुगे नव्हेत हो. चित्रकथेत माणसांच्या तोंडाजवळ गोल काढून आत बोलणं लिहितात ना, त्याला छापखान्यात फुगा म्हणायचे. चित्रं चित्रकार काढायचा, संवाद लेखक लिहायचा, आणि बाबा टाक शाईत बुडवून एकेक अक्षर फुग्यात बसवायचे. मग फुग्याला शेपटी काढायची. शेपटीचं टोक ज्याच्या तोंडाकडे, ते वाक्य त्याचं. बाबा म्हणायचे, "शेपटी चुकली की गेंडा राज्य चालवतो आणि प्रधान चारा मागतो."

गेंडा म्हणजे त्या चित्रकथेतल्या राजपुत्राचा उडता गेंडा. आता हसाल, पण त्या गेंड्यापायी दादानं आणि मी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. नवा अंक आला की आधी कोण वाचणार यावरून घरात महाभारत. राजपुत्राच्या राणीला मांत्रिक दगड करून टाकतो, आणि राजपुत्र गेंड्यावर बसून उतारा शोधत हिंडतो, अशी गोष्ट होती ती. अंकामागून अंक निघाले, राणी काही दगडाची माणूस होईना.

तर आता त्या सगळ्या अंकांचं मिळून एक मोठं पुस्तक निघणार होतं. अक्षरं मात्र कॉम्प्युटरची. जुन्या मंडळींपैकी बाबाच तेवढे उरलेत, म्हणून ती पानं दाखवायला आली होती. "आजोबांनी एकदा बघावीत, एवढीच इच्छा आहे," म्हणाली. गुणी होती पोर. तिला कुठं माहीत, की आजोबांना अर्धांगाचा झटका आलाय, उजवं अंग गेलंय आणि वाचाही गेली आहे. तिनं पलंगाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. पानांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन, हळूच पाय न वाजवता गेली.

कितपत समजतं त्यांना, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. दादाचं मात्र ठरलेलं होतं. "त्यांना काही कळत नाही गं. तू उगाच जीव पाखडतेस." दादा वाईट नाही. माझी कंबर गेली आहे, दुकान सांभाळून मी त्यांना उठवते-बसवते, हे त्याला बघवत नाही. त्यानंच शुश्रूषागृह शोधलं. रविवारी तिथली गाडी बाबांना न्यायला येणार होती. मीही हो म्हटलं होतं. बाबा खरंच त्या देहात नसतील, नुसता श्वासच चालला असेल, तर त्यांना इथे काय आणि तिथे काय. पण असतील तर? माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. रविवारच्या आत एखादी खूण मिळावी, एवढंच मागत होते मी. हात दाबून पाहिला, हाका मारून पाहिल्या, चिडून ओरडूनही पाहिलं. बाबा भिंतीकडे बघत राहायचे.

शनिवारी दुपारी त्यांना भरवून झालं आणि मी तो गठ्ठा घेऊन पलंगावर बसले. पाठीशी उशा लावून त्यांना बसतं केलं आणि वाचायला लागले. आधी त्यांच्यासाठी वाचत होते, मग माझ्यासाठीच. गेंडा पहिल्यांदा उडतो ते पान आलं आणि मला हसू फुटलं. पण अक्षरं बघवेनात. सगळी एका मापाची, एका अंगाची. बाबांचा 'ळ' कसा पोट सुटलेल्या काकांसारखा असायचा. दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावता लावता मला कितीदा तो आठवतो.

आणि मग ती चौकट आली.

ही चौकट आमच्या घरात प्रसिद्ध. राणीचा दगड झालेला आहे, राजपुत्र तिच्या पायाशी बसला आहे. लेखकानं राजपुत्राच्या तोंडी लिहिलं होतं, "बोल तू. मी इथेच आहे, ऐकतो आहे." बाबांनी फुग्याची शेपटी काढली ती राणीकडे. वर 'ऐकतो'चा काना गाळला. म्हणजे दगडच म्हणाला, "बोल तू. मी इथेच आहे, ऐकते आहे." अंक तसाच छापला गेला. वाचकांनी यथेच्छ टिंगल केली. मालकांनी बाबांना उभं-आडवं घेतलं. "एकवेळ शेपटी चुकली, समजू शकतो. कानाही चुकला?" बाबा एवढंच म्हणाले, "नजर चुकली." त्या महिन्यात आई गेली होती, म्हणून मालकांनीही फार ताणलं नाही.

घरात मात्र त्याची म्हणच झाली. आई गेल्यावर बाबा फारसे बोलायचेच नाहीत. कधी जेवताना एखादं वाक्य बोलले, की दादा माझ्याकडे बघून पुटपुटायचा, "दगड बोलला." आणि आम्ही ताटात तोंड घालून हसायचो. लहान होतो आम्ही.

नव्या पानावर चूक दुरुस्त झाली होती. शेपटी राजपुत्राकडे, आणि 'ऐकतो' अगदी कान्यासकट. मी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "घ्या बाबा, तुमची चूक निस्तरली एकदाची."

बाबांचा डावा हात हलला.

तो पानावर येऊन पडला. बोटं त्या फुग्यावर घासू लागली. मग त्यांनी माझ्या ओच्यातल्या पेनाकडे बघितलं. भिंतीकडे नाही, पेनाकडे. मी ते त्यांच्या डाव्या मुठीत कसंबसं बसवलं आणि म्हटलं, "काना काढायचाय ना? काढा. तुमचं पान आहे, काय हवं ते करा."

कान्याला त्यांनी हात लावला नाही. फुग्याच्या खालच्या कडेला पेन टेकवलं आणि शेपटी काढायला घेतली. मला वाटलं, वळेल आता राणीकडे. ती राणीला ओलांडून खाली गेली. वेडीवाकडी, थरथरती. चौकटीची रेघ ओलांडली, कोरा समास ओलांडला. "बाबा, पान संपलं," मी म्हणतेय, तर पेन कागदावरून उतरून चादरीवर आलं. चादरीवरून त्यांच्या सदऱ्यावर. छातीशी बटणापाशी येऊन थांबलं, आणि तिथे त्यांनी बारीक टोक काढलं. चांगलं, निमुळतं टोक. आयुष्यभर काढत आले तसं.

मग पेन गळून पडलं.

मी फुगा पुन्हा वाचला. बोल तू. मी इथेच आहे, ऐकतो आहे.

मला रडू आलं ते आनंदाचं, असं सांगितलं तर खोटं ठरेल. आनंद झाला, नाही कसा? पण क्षणभरच. ऐकतो आहे म्हणजे सगळंच ऐकलं होतं त्यांनी. दादाचं "त्यांना काही कळत नाही" ऐकलं होतं. शेजारच्या काकूंशी बोलताना, याच खोलीत, त्यांच्या उशाशी उभं राहून मी म्हटलं होतं, "सुटतील तर बरं," तेही ऐकलं होतं. शुश्रूषागृहातली कुठली खोली स्वस्त, कुठली हवेशीर, त्यांचे जुने कपडे कोणाला द्यायचे, हेही. भिंतीकडे बघत, निमूटपणे.

आई गेली तेव्हा शेपटी राणीकडे वळवली, तीही नजर चुकून नव्हे. हे मला कळायला इतकी वर्षं लागली.

"बाबा," मी म्हटलं. बोल म्हणत होते, आणि माझी दातखीळ बसली होती. मी त्यांच्या सदऱ्यावरची ती शाई बोटानं नुसती चाचपत राहिले. ते माझ्याकडे बघत होते. रागाचं काही नव्हतं त्या बघण्यात. राग असता तर सोपं गेलं असतं मला.

तेवढ्यात फोन वाजला. दादा होता.

"हां, ऐक," तो नेहमीच्या घाईत म्हणाला, "उद्याची गाडी सकाळीच येईल. त्यांचे चार कपडे तेवढे भरून ठेव, फार नको. त्यांना काय कळणार आहे कुठले..."

"दादा," मी म्हटलं, "हळू बोल. बाबा ऐकतायत."

तिकडे त्यानं कुठलंसं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

मग त्यानं विचारलं, "केव्हापासून?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं.