घरीच करू की

"अहो, ते वाळवण नाही," मंदाकिनी गॅलरीच्या दारातूनच म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला.

तिच्या नवऱ्यानं, श्यामसुंदररावांनी, उकडलेल्या नूडल्स कुरडयांच्या प्लास्टिकवर ओळीनं पसरल्या होत्या. वर एप्रिलचं ऊन. प्लास्टिक उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार डबे.

"कृतीत तसंच लिहिलंय. पाणी निथळून पसरून ठेवा."

"ताटात. पंख्याखाली. दहा मिनिटं."

"मग तसं लिहायला काय झालं होतं?"

खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून लोकांच्या चुका काढलेला माणूस. त्याला स्वतःची चूक कुठून दिसणार? मंदाकिनी खाली बसली आणि एकेक नूडल सोडवू लागली. निम्म्या कडकडीत वाळल्या होत्या. त्यांना पुन्हा गरम पाणी दाखवावं लागणार होतं.

तिचा संताप नूडल्सवर नव्हताच. यांनी सकाळी परस्पर तिच्या मैत्रिणीला, प्रेमलाला, फोन केला होता. "हॉटेलात कशाला? कसल्या कसल्या पावडरी घालतात, तेलाचा भरवसा नाही. त्या पैशांत घरी चार माणसं पोटभर खातील. घरीच करू की. तुम्हीच या इकडे." आणि भिडस्त प्रेमला हो म्हणून बसली.

टेलिफोन खात्यात दोघी सव्वीस वर्षं शेजारीशेजारी बसल्या. कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाची बोलणी जोडून द्यायची, आणि आपसात चार शब्द बोललं की सुपरवायझरबाई डोळे वटारायच्या. म्हणून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सुटल्यावर बुधवार चौकाजवळच्या हॉटेलात माळ्यावर बसायचं, दोघींत एक प्लेट व्हेज नूडल्स मागवायच्या आणि साठलेलं सगळं बोलायचं. निवृत्तीनंतरही ते चुकलं नव्हतं. आजचा गुरुवार मात्र शेवटचा. रविवारी प्रेमला मुलाकडे, केदारकडे, बंगळुरूला कायमची चालली होती. "जावंसं वाटत नाहीये गं मंदा," ती परवा फोनवर म्हणाली होती, "पण ते भेटल्यावर बोलू."

ते बोलणं आता श्यामसुंदररावांच्या देखरेखीखाली व्हायचं होतं. त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. 'मग बोला की, मी काय कान लावून बसणार आहे?' असं ते म्हणाले असते, आणि खरंच कान लावून बसले असते.

चार वाजता कढई चढली. मंडईतून स्वतः आणलेला कोबी त्यांनी फूटपट्टी लावल्यासारखा एकसारखा चिरला होता. तेल तापताच त्यांचा हात मिसळणाच्या डब्याकडे गेला.

"मोहरी नाही घालायची."

"नुसत्या तेलात भाजी?"

"सोया सॉस आहे ना."

"मग हिंग तरी," ते म्हणाले, आणि हिंग पडलासुद्धा. व्हिनेगर आणलं नव्हतं. लिंबू घरात असताना व्हिनेगरवर कोण खर्च करतो?

प्रेमला पाचला आली. श्यामसुंदररावांनी सगळ्यात मोठा वाटा तिच्या ताटलीत घातला आणि मग खुर्ची ओढून दोघींच्या मधोमध बसले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर कडकडून भांडता तरी आलं असतं.

"छान झाल्यात, भाऊजी."

"खर्च किती आला असेल, सांगा बघू."

प्रेमलानं एक आकडा सांगितला. तो चुकला. त्यांनी बरोबर आकडा सांगितला, भाजीचा वेगळा आणि गॅसचा वेगळा.

"केदारनं खोली तयार ठेवलीय," प्रेमला मंदाकिनीकडे बघत म्हणाली. "खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते." पुढे काही तरी म्हणायचं होतं तिला.

"बंगळुरूची हवा उत्तम," श्यामसुंदरराव म्हणाले. "कोबी मात्र तिकडे महाग असणार."

प्रेमला खाली मान घालून खात राहिली. मंदाकिनीला वाटलं, आता आपण ओरडणार. ती ओरडली नाही. तिनं ताटल्या उचलून मोरीत ठेवल्या आणि पर्स घेतली.

"आम्ही जाऊन येतो."

"कुठे?"

"हॉटेलात."

"अगं, आत्ताच तर खाल्लंत."

"हो, पोट भरलंय."

"मग कशाला?"

"बोलायला."

"इथं बोलता येत नाही?"

"नाही," मंदाकिनी म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांत तिनं इतकं सरळ 'नाही' म्हटलं नव्हतं. श्यामसुंदरराव झारा हातात धरून उभे राहिले. दोघी चपला घालून बाहेर पडल्या तेव्हा मागून म्हणाले, "प्रेमलाताईंना जिना जपून उतरायला सांग."

रिक्षा करून त्या बुधवार चौकात आल्या, कठडा धरून माळ्यावर चढल्या आणि एक प्लेट मागवली. कोणीच तिला हात लावला नाही.

"मला जायचं नाहीये, मंदा."

"माहितीये."

"दोनदा पडले मी यंदा. केदारला नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

मंदाकिनीनं टेबलावरून तिचा हात धरला. मग प्रेमला बोलत राहिली, कधी रडत, कधी मध्येच हसत, आणि मंदाकिनी ऐकत राहिली. अर्ध्या तासानं वेटर आला. प्लेट तशीच भरलेली आणि गार.

"आजी, चांगल्या नाही झाल्या का? दुसऱ्या आणू?"

"चांगल्या आहेत," मंदाकिनी म्हणाली. "आम्हाला जरा वेळ लागेल."