बांधावर न दिसणारे पाहुणे

माझे सासरे, उखर्डू आबा, यांना जगात एक गोष्ट जमत नाही: आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देणं. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? काही नाही हो. फक्त आमचा धंदाच भरीत विकायचा आहे, एवढंच.

धंदा सुरू झाला सासूबाईंच्या हाताच्या चवीवर. भादलीच्या शेतात हिवाळ्यात कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवायची, त्यावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि जळगावातल्या ओळखीच्या घरी डबे पोचवायचे. मग माझ्या नवऱ्याने, नीलेशने, मोबाइलवर व्हिडिओ टाकले आणि चाळीसगावपासून नाशिकपर्यंत फोन वाजायला लागले. फोन घेणाऱ्यांचा घरात तोटा नव्हता. आबा घेत, नीलेश घेई, सासूबाई तर पूजा अर्धी टाकून घेत. "हो हो, पाठवतो ना!" म्हणायला सगळे पुढे. पाठवणार कोण, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळे मिळून करू." सगळे मिळून म्हणजे कोणीच नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

मी किती डोकं फोडलं! म्हटलं, दोन-तीन बाया खास या कामाला ठेवा. भाजायचं, भरायचं, गाडीत चढवायचं. त्यांनी ना फोन घ्यायचा, ना पाहुणचार करायचा.

"म्हणजे ऑपरेशन्स टीम," नीलेश म्हणाला.

"नाव काय ठेवायचं ते ठेव, पण बाया ठेव."

आबा खो खो हसले. "पोरी, भरीत कराले टीम? क्रिकेट खेळून राहिलो का आपण?"

अशात माझ्या धाकट्या बहिणीचा, मोनालीचा, साखरपुडा ठरला. माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. मुलाकडचे नाशिकचे, आणि त्यांची एकच फर्माईश: जेवणात जळगावचं भरीत हवं. माझे वडील, प्रेमराज नाना, हरखूनच गेले. "माझ्या लेकीच्या घरचंच भरीत येणार," असं त्यांनी अख्ख्या देवपुराला सांगून ठेवलं. मला मेलीला तेव्हापासून झोप नाही. नव्या सोयऱ्यांसमोर नानांची मान माझ्या सासरच्या पातेल्यावर टांगलेली!

मी आदल्या दिवशीच धुळ्याला गेले. सकाळी फोन लावला.

"निघतोच आहे टेम्पो," नीलेश म्हणाला. मागून आबांचा आवाज आला, "अरे बसा बसा, घासभर तं खाऊन जा!"

"कोण आलंय?"

"कोणी नाही गं. विहिरीवरची माणसं. धूर बघून आली."

आमच्याकडे हे असंच. शेतात भरताचा धूर दिसला की वाटेवरचा माणूस आत वळतो, आणि वळलेल्याला पान मांडावंच लागतं. न मांडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. मी कसाबसा दम धरला आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन केला.

"आता कोण जेवतंय?"

"अगं, एका लग्नाची बस पंक्चर झाली आपल्या शेताजवळ."

"किती माणसं?"

"बस आहे गं. बसमध्ये असतात तेवढी."

"आणि वाढतंय कोण?"

"सगळे मिळून!"

"नीलेश, ते माझ्या बहिणीचं भरीत आहे रे!" मी इतकी ओरडले, की मेंदी लावून बसलेली मोनाली दचकली.

"संपलं थोडंच आहे? आहे की!" तो म्हणाला.

होतं खरं. टेम्पो आला तेव्हा दोन पातेली घासूनपुसून लख्ख आणि तिसऱ्याच्या तळाशी भरीत. भरताबरोबर खायच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या मात्र ढीगभर. आबा इस्त्रीचा सदरा घालून ऐटीत उतरले. "सूनबाई, वऱ्हाड असं खूश झालं म्हनून सांगू! नंबर घेऊन गेले आपला!" मला रडूच आलं.

पंगत बसली. नाना स्वतः वाढायला उठले आणि चहाच्या चमच्याने भरीत वाढायला लागले. मुलाचे वडील मोकळे गृहस्थ. म्हणाले, "भाऊ, जरा सढळ हाताने येऊ द्या! याच्यासाठी सकाळपासून पोटात काही घातलं नाही."

"आणतो, आणतो," म्हणत नाना स्वयंपाकघरात आले आणि रिकाम्या पातेल्याशी नुसतेच उभे राहिले. मी पुढे झाले, तर हळूच म्हणाले, "बठ्ठं ठीक शे बेटा, तू रडू नको." त्याने तर मला आणखीच भरून आलं.

दारात आबा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. तसेच पंगतीत गेले, मुलाच्या वडिलांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या वाटचं भरीत म्या दुसऱ्याले वाढलं. चूक माही आहे, नानांची नाही." ते गृहस्थ हसले, पिठल्यावर जेवले, साखरपुडा पार पडला. आबांनी मात्र त्या दिवशी धुळ्यात अन्नाला हात लावला नाही.

पुढच्याच सोमवारी गावातल्या भागाबाई दोघींना घेऊन कामावर आल्या. शाळेच्या खिचडीवर हात बसलेली बाई, आवाज असा की बैल थांबावा. त्यांनी आल्या आल्या पाहुण्यांसाठी बांधाकडे वेगळा जाळ करायला लावला आणि आबांना त्याच्यापाशी बसवलं. डबे वेळेवर जायला लागले. आबा मात्र खुशीत दिसत नव्हते.

मग एका सकाळी त्यांची थोरली बहीण, रावेरच्या अक्का, न कळवता शेतात आल्या. आबांचा जाळ विझलेला. तिकडे भागाबाई पिंपळनेरच्या ऑर्डरच्या गरम भरताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या.

"उखर्डू, लय भूक लागली रे. दे त्यातलं घासभर."

आबांचा हात सवयीने झाकणावर गेला. आम्ही सगळे बघतोय. भागाबाईंनीही पदर खोचला. आबांनी हात मागे घेतला, ते पातेलं स्वतः उचलून टेम्पोत चढवलं आणि आपला जाळ पुन्हा पेटवायला बसले.

"मोठा शेठ झाला रे तू!" अक्का कडाडल्या. "सख्ख्या बहिणीले उपाशी ठेवतो?"

"उपाशी नाही अक्के. जरा थांब. ते तुझ्या आधी आलेले आहेत."

अक्कांनी सगळीकडे पाहिलं. शेत मोकळं होतं.

"कोण आलंय रे? कुठं आहेत?"

आबांनी काडी ओढता ओढता रस्त्याकडे बोट केलं. "पिंपळनेरले. पानं मांडून बसले असतील."