न घासलेली दाढ

नासीर चाचा रोज सकाळी दात घासत, पण डावीकडची मागची एक दाढ सोडून. ती दाढ कामाची आहे, म्हणत. धुळ्यातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि रिटायर होताना त्यांच्या जागी आलेल्या मोहिनीला एकच गोष्ट बजावली. काचेच्या पट्टीच्या एका टोकाला पेशंटचा नमुना आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच्या दाताची मळी, दोन्ही बरोबरच रंगवायचं. तोंडातले जंतू काही निळे दिसतात, काही लाल. ते तसे दिसले तर रंग नीट बसला असं समजायचं, आणि मगच पेशंटच्या बाजूकडे बघायचं.

मोहिनी एम.एस्सी. होती. एवढं शिकून काडीने दाढ कोरायची आणि ती घाण काचेला फासायची, या विचारानेच तिला शिसारी यायची. चाचांच्या निरोपाचा हार सुकला नव्हता तोवर तिने ही पद्धत गुंडाळून ठेवली. कोणाचं काही अडलंही नाही, म्हणजे कुंदाबाई येईपर्यंत.

कुंदाबाई सहासष्ट वर्षांच्या, नरडाण्याच्या. ताप मेंदूत गेलेला, मान ताठ, शुद्ध नाही. काल दुपारी त्यांच्या पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी मोहिनीकडे आलं. चाचांच्या शिस्तीतली एक गोष्ट तिने अजून पाळली होती. नमुन्याच्या दोन काचा करायच्या, एक रंगवायची, एक तशीच जपून ठेवायची. उरलेलं पाणी तिने कल्चरला लावलं. जंतू वाढून त्याचं नाव कळायला दोन दिवस लागणार होते, आणि कुंदाबाईंकडे दोन दिवस नव्हते. निळ्या जंतूंचं औषध वेगळं, लाल जंतूंचं वेगळं, म्हणून सगळी भिस्त रंगावर होती.

आधी जांभळा रंग, जो जंतूंवर निळा दिसतो, मग आयोडीन, मग अ‍ॅसिटोनने धुवायचं, शेवटी लाल रंग. खरी परीक्षा अ‍ॅसिटोनची. तीनपर्यंत मोजायचं आणि पाणी सोडायचं. जास्त वेळ ठेवलं तर निळे जंतूसुद्धा रंग सोडतात आणि खुशाल लाल होऊन बसतात. मोहिनीने "दोन" म्हटलं आणि खिडकीच्या काचेवर टकटक झाली. कुंदाबाईंचा मुलगा ललित होता, कारखान्याच्या निळ्या शर्टातच आईला घेऊन आलेला.

"ताई, मनी माय वाची ना?"

"रिपोर्ट होऊ द्या भाऊ. मग डॉक्टर सांगतील." एवढं बोलून ती वळली आणि "तीन" म्हणाली.

रिपोर्ट गेला, लाल दांडके, म्हणजे काडीसारखे लांबट लाल जंतू. कुंदाबाईंच्या किडन्या आधीच थकलेल्या, जास्त औषधं झेपणारी नव्हती. डॉक्टर सोनवण्यांनी अंदाजाने तीन औषधं सुरू केली होती. रिपोर्ट वाचून त्यांनी दोन बंद केली आणि लाल दांडक्यांवरचं तेवढं ठेवलं.

आज सकाळी नऊला त्यांचा फोन आला. "मोहिनी, बाई खालावतायत. ताप हलत नाही. रिपोर्टची खात्री आहे ना?"

"हो सर," ती म्हणाली. फोन ठेवून ती उठली.

तिने कालची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाल दांडके होतेच, पण त्यांच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? काचेचं दुसरं टोक कोरं होतं. "दोन" आणि "तीन"च्या मध्ये किती वेळ गेला, हे आता देवालाच ठाऊक. आणि हे दांडके मुळात निळे असतील, तर त्यांना मारणारं औषध कालपासून बंद होतं. तिच्याच रिपोर्टवरून बंद होतं.

तिने चाचांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. "हो सर" म्हटलं तेही.

चाचा चिडले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. "बेटा, ग्रॅमसाहेब आठवतो का?"

न आठवून कसं चालेल? चाचा त्या डेन्मार्कच्या डॉक्टरबद्दल असं बोलायचे, जणू तो त्यांच्याच मोहल्ल्यात लहानाचा मोठा झाला. आधी झाडापानांचा अभ्यास केला, मग डॉक्टर झाला. तिशीच्या आसपास बर्लिनला गेला आणि न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांचे काप रंगवत बसला, जंतू डोळ्यांना वेगळे दिसावेत म्हणून. त्यातून ही पद्धत निघाली. शेवटचा लाल रंगसुद्धा त्याचा नाही, तो मागाहून दुसऱ्यांनी जोडला. पुढे कोपनहेगनला मोठा प्रोफेसर झाला, पेशंट बघण्यात रमला आणि जंतूंचा नाद त्याने सोडून दिला.

"त्याने पद्धत छापली तेव्हा काय लिहिलं? माझी पद्धत अधुरी आहे, तिच्यात दोष आहेत. स्वतःच लिहिलं! आज सारी दुनिया त्याच्या नावाने काचा रंगवते. तो चूक कबूल करू शकतो, आणि तू एका फोनवर 'हो सर' म्हणतेस?"

"चाचा, न रंगवलेली एकच काच उरलीय."

"मग दाढ कोर."

तिने काडीने कोरून पाहिली. सकाळी दोनदा ब्रश आणि वर औषधी गुळण्या. काडी कोरडीच बाहेर आली.

"तुझे दात आरशासारखे, तुला काय मिळणार?" चाचा म्हणाले. "बाहेर कोण बसलंय बघ."

बाहेर बाकावर ललित बसला होता. कालचाच शर्ट, डोळे तांबारलेले. मोहिनी त्याच्यासमोर उभी राहिली. "ललितभाऊ, दात घासले का?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकं फिरलंय. "दोन रोज व्हयनात ताई, तोंड धोयेल नही. काबर?"

"आ करा."

माय वर आयसीयूमध्ये आणि ही बाई दात बघतेय! पण तिचा चेहरा पाहून त्याने मुकाट तोंड उघडलं. काडीवर पांढरी मळी आली. मोहिनीला तिची जराही शिसारी वाटली नाही. ती मळी तिने जपून ठेवलेल्या काचेच्या मोकळ्या टोकाला लावली, वाळवली, आणि लॅबचं दार आतून लावून घेतलं.

जांभळा झाला, आयोडीन झालं. अ‍ॅसिटोनची बाटली उचलली. तिने कोपर टेबलाला टेकवलं. एक. दोन. तीन. नळ सोडला. ही काच गेली असती तर पुन्हा त्या बाईच्या पाठीत सुई घालावी लागली असती, आणि तेवढं सोसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

आधी ललितचं टोक पाहिलं. गोल जंतूंचे निळे पुंजके होते, मधूनमधून लाल काड्या. जसं असावं तसंच. मग तिने श्वास रोखून काच सरकवली.

दांडके निळे होते.

तिने वर फोन लावला. "सर, कालचा माझा रिपोर्ट चुकलाय. दांडके निळे आहेत. काल रंग जास्त धुतला गेला."

पलीकडे डॉक्टर कोणाला तरी ओरडून म्हणाले, "काल बंद केलेलं अँपिसिलिन परत सुरू करा, आत्ता!" आणि फोनवर म्हणाले, "सकाळी मी विचारलं होतं तुला."

"तेव्हा मी खोटं बोलले सर."

"लेखी पाठव," म्हणाले आणि फोन ठेवला.

ललितला सांगणं याहून अवघड होतं. तिने सांगितलं. चूक माझी, काल औषध चुकीचं गेलं, आता बरोबर सुरू झालंय. तो उठून उभा राहिला. "मनी माय मरी जाती ते?" तो पाठ फिरवून जिन्याकडे गेला.

तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज वर जाऊन दारातून ताप विचारायची. एकशे तीन, एकशे एक, मग शंभर. कल्चरमध्येही तेच निळे दांडके वाढले.

चौथ्या दिवशी ती दारात होती, तेव्हा कुंदाबाईंनी डोळे उघडले. ललित पलंगावर वाकला. म्हातारीने नाक मुरडलं. "काय रे, तोंड धोयं का नही? वास येस!"

ललित हसायला गेला आणि रडायला लागला. मोहिनी मागे सरली, पण तो तिच्यामागे व्हरांड्यात आला.

"ताई, त्या दिन मी काच वाजाडी... तवयच चुकनं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मोहिनीने त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"नाही ललितभाऊ. तुम्ही आईबद्दल विचारत होतात. मोजायचं काम माझं होतं."

त्याने खिशातून नवा ब्रश काढला आणि तो बेसिनकडे निघाला.

"भाऊ," मोहिनीने हाक मारली, "मागची एक दाढ सोडा. खाली अजून एक नमुना आलाय."