आजोबांची युकुलेली

ताई शाळेत संगीत शिकवते. तिला जुनी युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, घ्यायची होती, म्हणून पारख करायला तिने मला, सुतार भावाला, सोबत नेलं.

"आमच्या आजोबांची आहे, साठ वर्षांपूर्वीची," विकणारे काका म्हणाले. ते इतकं गोड बोलत होते की कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं.

मी मोबाइलच्या उजेडात युकुलेलीच्या भोकातून आत डोकावलो. आत चिकटवलेली कारागिराच्या नावाची चिठ्ठी पिवळी पडली होती, पण शेजारचं लाकूड कोरं करकरीत होतं. भोकाला नाक लावलं तर सरसाचा ताजा वास आला.

"काका, आजोबा गेल्या महिन्यात सरस लावून गेले का?"

काकांचा चेहरा पडला. "मीच बनवली. माझी म्हणून सांगितलं तर कुणी हातात घेत नाही."

"चल," मी ताईला म्हणालो. पण तिने तारा छेडल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"नव्याच्या भावात द्याल?" तिने विचारलं. काकांनी लगेच होकार दिला.

जिना उतरताना मी कुरकुरलो, "खोटारडा आहे तो."

"आवाज खरा आहे ना?" ताई म्हणाली.

आवाज खराच होता. पण एकदा थाप मारणाऱ्या काकांनीच ती बनवली, यावर माझा अजून विश्वास नाही.