बाणाला बाण

जनावरांच्या डॉक्टरांची जीप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि आमच्या गॅरेजात तिला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. त्या दिवशी ती दारात आली आणि डॉक्टर उतरता उतरताच म्हणाले, "साठला थरथरते. तुमच्याकडून ग्रीसिंग करून नेल्यापासून."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आमच्याकडून गेलेली गाडी थरथरत नाही. टायर बघा."

"टायर बदलले."

"मग रस्ता बघा."

"रस्ता कसा बदलू, मिस्त्री? काल मागे वासरू बसवलं होतं, त्याला उचक्या लागल्या."

गॅरेजात माणसं दोनच, बाबा आणि मी. पूर्वी काकाही होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानं एका गाडीचा शाफ्ट चुकीचा जोडला. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा. तो दोन तुकड्यांचा असतो, एकाच्या दातेरी तोंडात दुसरा सरकतो; ग्रीसिंगला तो सुटा करून पुन्हा जोडतात. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला असतो आणि जोडताना बाणासमोर बाण यावा लागतो. तसं झालं नाही तर गाडीला हुडहुडी भरते. काकाचा बाण चुकला. बाबांनी सख्ख्या भावाला घरी पाठवलं आणि भिंतीवर पिवळ्या रंगात लिहिलं : 'बाणाला बाण. नाहीतर घरी.' तेव्हापासून दोघं फक्त लग्नात नाहीतर मयताला भेटतात आणि हवामानावर बोलतात. हवामानातलं दोघांनाही काही कळत नाही.

बाबांच्या तपासाची पद्धत ठरलेली. डॅशबोर्डवर स्टीलचा पेला, त्यात काठाच्या बोटभर खाली पाणी. मी चालवायचं, त्यांनी पाण्याकडे बघायचं. पन्नासला पाणी झोपलेलं होतं. साठला त्यावर बारीक गोल गोल वळ्या उठल्या.

"न्यूट्रल कर."

केलं. इंजिन खाली आलं, वळ्या तशाच.

"इंजिन सुटलं," बाबा न्यायाधीशासारखे म्हणाले.

परत येऊन पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढून ठेवला आणि पुन्हा फेरी मारली. वळ्या तशाच. "हाही सुटला." आता आरोपी एकच उरला होता, मागचा शाफ्ट. बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "टायर बघायला हवेत."

चार महिने बाबांचं हे असं चाललंय. मध्यंतरी ते तेल मोजायची पट्टी पेनासारखी खिशाला लावून बँकेत गेले आणि सही करायला तीच काढली. घरी आम्ही खूप हसलो. आई जरा आधी थांबली.

मी जीपखाली सरकलो. मागच्या शाफ्टवरचं ग्रीस फडक्यानं पुसलं. एक बाण माझ्याकडे बघत होता, दुसरा बाजूच्या चाकाकडे. बाजूच्या चारही नटांवर पांढऱ्या रंगाच्या बरोबरच्या खुणा होत्या. पक्का आवळून, तपासून झाला की बाबा प्रत्येक नटावर तशी खूण करतात. खुणा एकदम सुबक होत्या.

"काय दिसतंय?" वरून बाबा. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. या माणसाला घरी बसून काय करायचं असतं हे ठाऊकच नाही. सुट्टीच्या दिवशी ते दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरतात. आमच्या घरात चोर आला तरी कुणाला कळणार नाही.

"बाण चुकलाय," मी म्हणालो.

"कोणी?"

"मी."

मग मला जी बोलणी बसली ती मला जन्मभर पुरतील. "गाढवा! अकरा वर्षं लिहिलंय, भिंतीला पाठ झालं, तुला नाही झालं! डोकं आहे की टोपी अडकवायची खुंटी? वासराला कळतं रे गाडी बिघडलीय ते, तुला कळत नाही!" एकही शब्द अडला नाही, कुठेही 'ते हे' आलं नाही. खूप दिवसांनी असे बाबा ऐकले. मी गाडीखाली आडवा पडून तृप्त झालो होतो.

"चुकलं, बाबा."

"चुकलं म्हणे! अरे, तुझ्या काकाला मी याच..." ते थांबले. बूट जरा मागे सरकले. "ग्रीसिंग झालं तेव्हा तुझा हात प्लॅस्टरमध्ये होता."

खरं होतं. बल्ब बदलताना मी स्टुलावरून पडलो होतो. प्लॅस्टरवर बाबांनीच पेनानं लिहिलं होतं, 'येथे ग्रीस लावू नये.'

"एका हातानं केलं."

"शाफ्ट?"

"मांडीवर घेतला."

"आणि नट?"

"दातांनी."

एरवी ते हसले असते. ते खाली वाकले आणि गाडीखाली त्यांचं तोंड दिसलं, उलटं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. चार खुणांकडे बघितलं, एकेक करून, मोजल्यासारखं.

"तू जोड," ते म्हणाले. "मी बघतो."

मी शाफ्ट सोडवला, बाणासमोर बाण आणला, नट आवळले. त्यांनी रंगाचा ब्रश उचलला आणि माझ्या हातात दिला. माझ्या खुणा वाकड्या आल्या. त्यांनी त्या सुधारल्या नाहीत.

पुढचा शाफ्टही परत चढवला आणि पुन्हा फेरी मारली. साठ, मग सत्तर. पाणी झोपलेलं. बाबा रस्ताभर त्या पेल्याकडे बघत होते. गॅरेजच्या दारात आल्यावर त्यांनी तो उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

डॉक्टर गाडी घेऊन गेले. बाबांनी कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. कामाचा निळा डगला खिळ्याला अडकवला, त्याची बाही नीट केली आणि काकाला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"गॅरेजात माणूस कमी पडतोय," बाबा म्हणाले.

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग काकानं विचारलं, "कुणाला घालवलंस? पोराला?"

"नाही."

"मग?"

बाबा पिवळ्या अक्षरांकडे बघत राहिले. "बाण चुकला त्याला."

काकाला कळलं. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दादा," काका शेवटी म्हणाला, "हवामान काय म्हणतंय तिकडे?"

"कळत नाही रे," बाबा म्हणाले. "मला आता काही कळत नाही."